गॅस फायरप्लेसच्या आतील किरकोळ दुरुस्ती कशी करावी

गॅस फायरप्लेसच्या आत रंगाचे पोपडे निघालेले, पॅनेलला बारीक तडा गेलेला किंवा कृत्रिम ओंडक्याचा टवका उडालेला दिसला, की हाती येईल ते लावून तो बुजवून टाकण्याचा मोह होतो. त्याआधी बिघडलेला भाग नेमके कोणते काम करतो, हे पाहून घ्यावे. जो भाग केवळ उष्णता सोसतो किंवा शोभेसाठी असतो, म्हणजे आतल्या पत्र्यावरचा रंग, विटांसारखी दिसणारी पॅनेले आणि ओंडके, त्याची लहानसहान दुरुस्ती घरी करता येते. जो भाग गॅस वाहून नेतो किंवा जळालेले वायू खोलीत येऊ देत नाही, म्हणजे बर्नर, पायलट (मुख्य ज्वाला पेटवणारी छोटी ज्योत), व्हॉल्व्ह, गॅसची नळी, ज्वाला जळते त्या पेटीचा मूळ पत्रा, धुराडे आणि बंद प्रकारच्या फायरप्लेसची काच, त्याला घरगुती उपाय नाही. पत्र्याला आरपार भोक किंवा चीर पडली असेल, सांधा उघडला असेल किंवा काचेला तडा गेला असेल, तर फायरप्लेस बंद ठेवून प्रशिक्षित तंत्रज्ञाला बोलवावे. अशा चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे तो कळतच नाही.

आधी गॅस बंद

मुख्य ज्वाला विझवली म्हणजे सारे बंद झाले, असे नसते. अनेक फायरप्लेसमध्ये पायलटची छोटी ज्योत चोवीस तास जळत असते, त्यामुळे पायलटही विझवावा आणि गॅसच्या नळीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा. त्याची दांडी नळीला आडवी आली, की तो बंद झाला असे समजावे. पंखा किंवा विजेवर पेटणारी यंत्रणा असेल, तर तिचा वीजपुरवठा तोडावा. यानंतर काही तास थांबावे, कारण ज्वाला विझल्यावरही काच आणि ओंडके बराच वेळ चटका देण्याइतके तापलेले राहतात. गॅसचा वास येत असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा, कोणतेही बटण दाबू नये, घराबाहेर पडावे आणि तिथून गॅस पुरवठादाराला कळवावे.

ओंडके काढणे आणि सफाई

काच उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच काढावी आणि मऊ कापडावर आडवी ठेवावी. ओंडके हलवण्यापूर्वी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून त्यांचे फोटो काढून ठेवावेत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून असते. ओंडक्यांची जागा केवळ दिसण्यासाठी ठरवलेली नसते. एखादा ओंडका दोन बोटे जरी सरकला, तरी ज्वाला त्याच्यावर आदळते, गॅस अर्धवट जळतो आणि काजळी धरू लागते.

ओंडके व पॅनेले बहुधा सिरॅमिक तंतूंची असतात आणि तापून तापून ती भुसभुशीत होतात. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालावा. कोरडी झाडलोट करू नये. पृष्ठभाग मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करावा आणि खाली पडलेली धूळ बारीक गाळणी असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ओलसर कापडाने उचलावी. बर्नरच्या छिद्रांत तार किंवा टाचणी खुपसू नये. छिद्राचा आकार बदलला, की ज्वालाही बदलते.

सफाई करताना काळी काजळी भरपूर आढळली, तर ते ज्वलन नीट होत नसल्याचे लक्षण आहे. ती पुसून वरून रंग दिला, तर दोष झाकला जातो आणि धोका तसाच राहतो. आधी कारण शोधून घ्यावे.

पॅनेलचे तडे

केसाएवढे बारीक तडे तापण्या-निवण्यामुळे पडतातच, त्यांना छेडण्याची गरज नसते. तड्यात नाण्याची कड शिरत असेल, तुकडा सैल झाला असेल किंवा मागचा पत्रा दिसत असेल, तर पॅनेल बदलणेच योग्य. या दोहोंमधल्या तड्यांसाठी मात्र उष्णतारोधक सिमेंट, म्हणजेच रिफ्रॅक्टरी सिमेंट, उपयोगी पडते. परंतु आपल्या पॅनेलला ते चालते का, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. साधे सिमेंट, प्लास्टर किंवा भिंतीची पुट्टी वापरू नये, कारण त्यांच्यात बांधले गेलेले पाणी उष्णतेने निघून जाते आणि भरलेला भाग चुरा होऊन पडतो. सिलिकॉनही पेटीच्या आत टिकत नाही.

तड्यातला सुटा चुरा ब्रशने काढावा. डब्यावर सूचना असेल, तर तडा पाण्याने किंचित ओला करावा, म्हणजे कोरडे पॅनेल सिमेंटमधले पाणी एकदम शोषून घेत नाही. मग अरुंद पत्तीने सिमेंट आतपर्यंत दाबत भरावे आणि वरचे जादा सिमेंट लगेच ओल्या कापडाने पुसावे. जाड थर एकदम दिल्यास तो आतून ओला राहतो आणि तापल्यावर वाफेने फुगून सुटतो, म्हणून पातळ थर द्यावेत. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा अवधी पूर्ण होऊ द्यावा. बहुतेक सिमेंटना किमान एक दिवस लागतो.

ओंडक्याचा लहान टवका उडाला असेल आणि तो ज्वालेपासून दूर असेल, तर तसाच राहू द्यावा. ओंडका दुभंगला असेल, तर त्याच मॉडेलचा नवा घ्यावा.

पत्र्याचा रंग

वरवरचा गंज आणि सुटलेले पोपडे बारीक पॉलिश पेपरने घासून काढावेत. घासल्यावर पत्रा हाताला पातळ लागला किंवा दाबल्यावर लवला, तर काम तिथेच थांबवावे. पत्रा भक्कम असेल, तर धूळ पुसून स्टोव्हसाठीचा, साधारण ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा रंग द्यावा. फवाऱ्याच्या डब्यातला वायू ज्वलनशील असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास कुठेही ज्योत नाही, याची खात्री करावी. बर्नर, पायलट, संवेदक आणि काचेची बैठक कागद व चिकटपट्टीने झाकावी. दोन-तीन पातळ हात पुरतात.

पुन्हा पेटवताना

झाकलेले सर्व कागद काढले आहेत, हे आधी तपासावे. ओंडके फोटोंप्रमाणे त्यांच्या खाचांत बसवावेत. निखाऱ्यांसारखी दिसणारी लोकर पायलटवर किंवा सांगितल्यापेक्षा जास्त पसरू नये. काचेभोवतीची गास्केट, म्हणजे फट बंद ठेवणारी पट्टी, विरलेली किंवा चपटी झालेली दिसली, तर ते काम तंत्रज्ञावरच सोपवावे. काच सगळीकडे सारखी घट्ट बसल्याशिवाय फायरप्लेस पेटवू नये.

पहिल्यांदा ज्वाला मंद ठेवून थोडाच वेळ चालवावे, पूर्ण निवू द्यावे आणि मग हळूहळू वेळ वाढवावा. नव्या रंगाचा वास आणि थोडा धूर सुरुवातीला येतो, त्यामुळे खिडक्या उघड्या असाव्यात आणि लहान मुले व पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत असावेत. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत असलाच पाहिजे. ज्वाला बुडाशी निळी आणि स्थिर दिसावी. ती बर्नरपासून उचलली जात असेल, पेटताना धप्प असा आवाज येत असेल किंवा काचेवर पुन्हा काळे धरत असेल, तर व्हॉल्व्ह बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. सारे ठीक चालले, तरी काही दिवसांनी थंड पेटीत बॅटरीचा प्रकाश टाकून भरलेला तडा पुन्हा पाहावा. तो त्याच जागी उघडला असेल, तर दुसऱ्यांदा सिमेंट न भरता पॅनेल बदलावे.