फ्लॅश लावून कुत्र्याचं पोर्ट्रेट कसं काढावं

कुत्र्याला घेऊन स्टुडिओत येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फ्लॅशने त्याच्या डोळ्यांना काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर "काही होत नाही हो" एवढं उत्तर पुरत नाही. हिशोबच करून बघू या.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि १/१०० सेकंद हे एक्स्पोजर साधारण बरोबर येतं. एफ/८ ला छिद्र मोठं, म्हणून तेच ऊन १/४०० सेकंदात पुरतं. स्टुडिओतला फ्लॅश आपण आयएसओ १०० आणि एफ/८ धरूनच लावतो. म्हणजे एका फोटोमागे कुत्र्याच्या तोंडावर जेवढा उजेड पडतो, तेवढा उन्हात सेकंदाच्या चारशेव्या भागात पडतो. शंभर फोटो काढले तरी बेरीज पाव सेकंदाच्या उन्हाएवढी. फरक असा की फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, एकदम येऊन जातो आणि बाहुलीला आकसायला वेळच मिळत नाही. त्यामुळे डोळा क्षणभर दिपतो. निरोगी डोळ्याला इजा होत नाही. शिवाय समोर चार फुटी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायचा पांढऱ्या कापडाचा डबा) असेल तर हा उजेड एका ठिपक्यातून न येता मोठ्या पडद्यावरून पसरून येतो, म्हणून दिपणंही कमी.

मग कुत्री बिचकतात ती कशाने? अंधाऱ्या खोलीत अचानक लखकन होणाऱ्या उजेडाने. फ्लॅश उडताना होणाऱ्या 'टप्' आवाजाने आणि चार्ज झाल्यावर वाजणाऱ्या 'पीं'ने. डोक्यावर झुकलेल्या मोठ्या काळ्या छत्रीने, आणि पायाखाली सरकणाऱ्या कागदाने. चमक आणि पाठोपाठ आवाज ही जोडी त्याने आधी कुठे अनुभवलेली असते? विजेत आणि दिवाळीच्या फटाक्यांत. त्यामुळे जो कुत्रा लक्ष्मीपूजनाच्या रात्री पलंगाखाली दडतो, त्याच्यासाठी वेळ दुप्पट धरावा. आणि शक्य असेल तर दिवाळीच्या आठवड्यात शूट ठेवूच नये.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

काही कुत्र्यांवर फ्लॅश लावायचाच नाही. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काचबिंदूचे उपचार चालू असलेले, त्याच दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले कुत्रे या यादीत येतात. फिट्स येत असतील तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय फ्लॅश नको. बीगल, बॅसेट हाउंड आणि वायरहेअर्ड मिनिएचर डॅक्सहुंड यांच्यात लाफोरा नावाचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात उजेड चमकला की अंगाला झटके बसतात. अशा सगळ्यांचे फोटो खिडकीशेजारी काढावेत, छान येतात.

पिल्लांचे डोळे जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. इतक्या लहान पिल्लांना घरीच, दिवसाच्या उजेडात टिपावं. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला स्टुडिओत आणूच नये, कारण पार्व्हो या संसर्गजन्य आजाराचा विषाणू फरशीवर बराच काळ टिकतो आणि त्या फरशीवरून आधी कोणकोण चालून गेलं हे सांगता येत नाही.

जागा आणि फरशी

किमान १२ बाय १५ फुटांची खोली हवी. बॅकड्रॉपचा कागद मोठ्या कुत्र्याला २.७२ मीटर रुंदीचा लागतो. पग किंवा स्पिट्झ असेल तर १.३५ मीटरचा पुरतो. कुत्रा आणि मागचा कागद यांत दीड मीटर अंतर ठेवा, म्हणजे सावली कागदावर पडत नाही.

सगळ्यात जास्त फोटो फरशीमुळे बिघडतात, फ्लॅशमुळे नाही. गुळगुळीत टाइल्सवर नुसता कागद अंथरला की पाय टाकताच तो सरकतो, नखं लागून फाटतो आणि मग कुत्रा पुन्हा त्यावर पाऊल ठेवायला तयार होत नाही. कागदाखाली रबर मॅट घाला, कडा गॅफर टेपने चिकटवा. फक्त चेहऱ्याचा फोटो असेल तर कागद जमिनीपर्यंत आणायची गरजच नाही. कुत्र्याला मॅटवर किंवा सतरंजीवर बसवा.

लाइट स्टँडच्या पायावर पाच किलोची सँडबॅग ठेवा. केबल भिंतीकडून फिरवून टेपने दाबा, कारण पिल्लू असेल तर ते आधी केबलच चावणार. एसी अर्धा तास आधी लावून खोली थंड करा. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाड्यात लगेच धाप लागते, आणि धापेत जीभ बाहेर लोंबली की चेहऱ्यावरचा भाव गेला. जुने हॅलोजन मॉडेलिंग लाइट (फ्लॅशमधला सतत चालू राहणारा दिवा) खोली आणखी तापवतात, एलईडीचे बरे.

लाइट

सुरुवातीला एकच पुरे: २०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश आणि १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (आठ कोनी सॉफ्टबॉक्स). कुत्र्यापासून सव्वा मीटरवर, त्याच्या चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला. पॉवर पूर्ण ताकदीच्या १/८ वर ठेवून सुरू करा, गरज पडली तर १/४.

उंचीची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. माणसांच्या पोर्ट्रेटची सवय असल्याने स्टँड सहा-सात फुटांवर राहतो. बसलेल्या लॅब्राडॉरचे डोळे जमिनीपासून दोनेक फुटांवर असतात. इतक्या वरून उजेड आला की भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि डोळे खोबण्यांसारखे काळे दिसतात. ऑक्टाबॉक्सचा मध्य जमिनीपासून साधारण एक मीटरवर आणा आणि किंचित खाली झुकवा. बरोबर जमलं की डोळ्यात दहा किंवा दोनच्या काट्यावर उजेडाचा ठिपका दिसतो. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावली मऊ होते.

खोलीतल्या ट्यूबलाइट आणि मॉडेलिंग लाइट चालूच ठेवायचे. ही पायरी गाळू नका, कारण फ्लॅशच्या भीतीवरचा अर्धा उपाय इथेच आहे. उजेडात बाहुली आधीच लहान झालेली असते, म्हणून फ्लॅश कमी दिपवतो. वर बुबुळाचा तपकिरी किंवा मधाळ रंग फोटोत दिसतो. ट्यूबलाइटचा रंग फोटोत येईल ही शंका असेल तर ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं यंत्र) बंद करून एक फोटो काढा. फ्रेम जवळजवळ काळी आली तर काळजी नाही.

फ्लॅशचा बीप मेन्यूत जाऊन बंद करा. कुत्र्याला ४०,००० हर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकू येतात, आपली मजल फार तर २०,००० पर्यंत. तुम्हाला बारीक वाटणारा बीप त्याला तसा वाटेलच असं नाही.

कॅमेरा

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, १/१६० सेकंद, एफ/८, व्हाइट बॅलन्स फ्लॅशचा. बऱ्याच कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा (फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात जलद शटर) १/२०० किंवा १/२५० असते, पण साध्या रेडिओ ट्रिगरमध्ये थोडा उशीर होतो. फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला तर शटर मर्यादेपलीकडे गेलं असं समजा आणि १/१६० किंवा १/१२५ वर या.

एफ/८ च का, एफ/२.८ का नाही? कारण नाक. फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवर असताना एफ/२.८ ला जेमतेम पाच सेंटिमीटर खोली शार्प राहते. कारवान हाउंडसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्यात डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतच दहा-बारा सेंटिमीटर अंतर असतं. एफ/८ ला ही खोली पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जाते, त्यातली निम्मी डोळ्याच्या पुढे. समोरून काढताना नाकही कडक शार्प हवं असेल तर एफ/११ करा आणि फ्लॅशची पॉवर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. फोकस मात्र जवळच्या डोळ्यावरच. क्रॉप (त्याहून लहान) सेन्सर असेल तर ५० मिलिमीटर पुरते. वाइड लेन्सने जवळ जाऊन काढलं की नाक बटाट्याएवढं आणि कान पुसटसे. गमतीला ठीक, पोर्ट्रेटला नाही. आणि कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे तुम्ही जमिनीवर. गुडघ्यांना पॅड बांधा.

फ्लॅशची ओळख करून देणं

आल्या आल्या शूट सुरू करायचं नाही. पट्टा सैल सोडून दहा मिनिटं त्याला खोली हुंगू द्या. स्टँड, कागद, कॅमेरा बॅग, सगळं. या वेळात त्याच्याकडे टक लावून बघू नका, कॅमेराही तोंडावर रोखू नका.

मग फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरवर आणून त्याचं तोंड छताकडे फिरवा. कुत्रा तीन मीटरवर, पालकांजवळ. टेस्टचं बटण दाबा, आणि लगेच, एका सेकंदाच्या आत, वाटाण्याएवढा चिकनचा तुकडा तोंडात. क्रम महत्त्वाचा: आधी चमक, मग खाऊ. उलटं केलं तर खाऊ हीच चमक येण्याची खूण ठरते आणि तो खाऊ दाखवताच मागे सरकू लागतो. पाच-सहा वेळा झालं की बघा. चमकल्यावर तो छताकडे न बघता तुमच्या हाताकडे बघू लागला तर काम झालं. आता फ्लॅश जागेवर वळवा, पॉवर टप्प्याटप्प्याने १/८ पर्यंत न्या, कुत्र्याला मॅटवर आणा.

खाऊ साधा ठेवा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर. चॉकलेट, द्राक्षं, मनुका कुत्र्याला विषारी. झायलिटॉल घातलेली बिस्किटंही नकोत. बिस्किटाचा आणखी एक तोटा म्हणजे चुरा ओठांना चिकटतो आणि नंतर तासभर एडिटिंग करावं लागतं.

कधी थांबायचं ते कुत्राच सांगतो. खाऊ नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, शेपूट पोटाशी, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं: यांतल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की फ्लॅश बंद, पाणी, पाच मिनिटं बाहेर फेरी. समोरचा खाऊही नाकारत असेल तर त्या दिवसापुरतं फ्लॅशला रामराम करावा. पालकांना "धरून ठेवा" म्हणून फोटो घेणारे असतात. त्यात कान मागे पडलेले, नजर चुकवणारा कुत्रा मिळतो आणि पुढच्या वेळी तो दारातूनच आत येत नाही.

अशा कुत्र्यासाठी एलईडी आहे. पण एलईडी म्हणजे डोळ्यांना आराम हा गैरसमज आहे. हलणारा कुत्रा गोठवायला १/२५० तरी शटर लागतं आणि तेवढ्यासाठी ६० वॉटचा एलईडी जवळ आणला की तो सतत डोळ्यांवर असतो. एफ/४, आयएसओ ८०० ते १६०० स्वीकारा, दिवा बाजूला ठेवा, दर काही मिनिटांनी बंद करा. स्वस्त एलईडी आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात.

फोटो

पालकांना तुमच्या खांद्यामागे बसवा. तुमच्या हातात पिपाणी किंवा कुई-कुई करणारं खेळणं असू द्या, पण ते जपून वापरा: पहिल्या आवाजाला कान टवकारतात, दुसऱ्याला मान तिरकी होते, चौथ्यानंतर तो खेळणं घ्यायला उठतो. आधी फोकस, मग आवाज, अर्ध्या सेकंदात क्लिक. बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) नको. फ्लॅशला चार्ज व्हायला वेळ लागतो, म्हणून दुसरा-तिसरा फोटो काळपट येतो आणि कुत्र्यावर विनाकारण चमकांचा मारा होतो. तीस-चाळीस फोटोंत काम व्हायला हवं.

डोळे हिरवे-पिवळे चमकले तर फ्लॅश लेन्सच्या फार जवळ आहे. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा आरशासारखा थर असतो, तो उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो. फ्लॅश बाजूला केला की प्रश्न मिटतो. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत हा थर बहुधा नसतो, तिथे लाल दिसतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आणि रिंग फ्लॅश या कामाला नकोतच.

काळा कुत्रा नुसता गोळा दिसत असेल तर समोरची पॉवर वाढवत बसू नका, कागद उजळेल आणि केस राखाडी दिसतील. मागून एका बाजूने ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावलेला ३० बाय १२० सेंटिमीटरचा स्ट्रिपबॉक्स (अरुंद, लांबट सॉफ्टबॉक्स) द्या. पाठीवर, कानावर चमकती रेघ येते आणि आकार उठून दिसतो. स्ट्रिपबॉक्सचं तोंड लेन्सकडे येणार नाही याची काळजी घ्या. पांढऱ्या कुत्र्याला उलट अर्धा स्टॉप कमी, आणि कॅमेऱ्यातली हायलाइटची (फार उजळ भागांची) लुकलुक चालू: छातीवरच्या केसांचा तपशील पांढऱ्यात उडाला की तो परत येत नाही. केस हलल्यासारखे दिसत असतील तर फ्लॅश तपासा. आजचे आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विचने चमक मध्येच तोडणारे) फ्लॅश पॉवर कमी केली की चमकही छोटी करतात. जुन्या प्रकारच्या कित्येक स्टुडिओ फ्लॅशमध्ये उलटं होतं, कमी पॉवरला चमक लांबते. अशा वेळी पॉवर वाढवून फ्लॅश मागे न्या.

पट्टा काढायची जोखीम घेऊ नका. बारीक पट्टा सरळ वर धरून ठेवा, गळ्याभोवती गुंडाळी नको. शेवटी कुत्र्याला बाजूला घ्या आणि कॅमेरा, फोकस, लाइट काहीही न हलवता रिकाम्या कागदाचा एक फोटो काढा. एडिटिंगमध्ये कुत्र्याच्या फोटोखाली तो ठेवून मास्कने पट्टा पुसला की दोन मिनिटांत काम होतं. फक्त मानेजवळच्या केसांवर ब्रश मऊ ठेवा.