मॅक्लारेन एफ१ किती? मोजायला बसण्याआधीची तयारी

आधी दोन वह्या करा, किंवा एक्सेलमध्ये दोन पानं. एक कारखान्याची, दुसरी नोंदणीची. मोजक्या संख्येत बनलेल्या स्पोर्ट्स कारचे जे आकडे फिरत असतात, त्यांतला निम्मा गोंधळ या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्यामुळे होतो. गाडी बनली म्हणजे नोंदली गेलीच असं नाही, आणि नोंदलेली प्रत्येक गाडी कारखान्यातून रस्त्यासाठी म्हणून बाहेर पडली होती असंही नाही.

सरावाला मॅक्लारेन एफ१ घ्या. ब्रिटनमध्ये वोकिंगला १९९२ ते १९९८ या काळात बनलेली ही तीन सीटांची गाडी. संख्या आवाक्यातली आहे आणि या कामातले बहुतेक घोळ तिच्यात भेटतात. एकूण १०६ हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो तसाच उतरवू नका, आधी फोडून बघा. चाचणीच्या एक्सपी गाड्या ५, नेहमीच्या रोड कार ६४, एलएम (शर्यतीच्या गाडीवर बेतलेली रस्त्याची गाडी) ५ आणि तिचा नमुना १, जीटी (लांब शेपटीची रस्त्याची गाडी) २ आणि तिचाही नमुना १, शर्यतीच्या जीटीआर २८. बेरीज जुळते. जीटीआरचे तुकडेसुद्धा पाडून ठेवा: १९९५ च्या ९, १९९६ च्या ९, १९९७ च्या १०. ही फोड हाताशी असली की कुणी ६४ म्हणालं, कुणी १०६ म्हणालं, तरी वाद घालावा लागत नाही. कोण काय मोजतोय एवढंच विचारायचं.

नावांची एक वेगळी यादी हवीच. एक्सपी१ ही गाडी नामिबियात उष्ण हवामानाच्या चाचणीत जळून गेली. एक्सपी१ एलएम ही वेगळी गाडी, एलएमचा नमुना, आणि ती शाबूत आहे. घाईत वाचलं तर मेलेली गाडी जिवंत होते. तसंच ‘एलएम स्पेसिफिकेशन’ या शब्दांचं. चेसिस नंबर (सांगाड्यावरचा क्रमांक) ०१८ आणि ०७३ या मुळात साध्या रोड कार, नंतर एलएमच्या धर्तीवर सुधारलेल्या. ०१८ चा २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या लिलावात जवळपास १.९८ कोटी डॉलरला सौदा झाला, तेव्हा बातम्या वाचून कुणालाही वाटावं की एलएम विकली गेली. तुमच्या वहीत ती ६४ मध्येच राहील, शेरा फक्त शेवटच्या रकान्यात.

आता चेसिस नंबर. सगळ्यात जास्त वेळ इथे ठेवा, कारण ओळख पटते ती याच नंबराने. मोह असा होतो की सर्वांत मोठा नंबर शोधावा आणि तीच संख्या धरावी. पण वर आलेली ०७३ ही रोड कार आहे आणि रोड कार तर ६४ च. मधले काही नंबर दुसऱ्यांनी खाल्लेत: जीटीच्या तिन्ही गाड्या ०५४, ०५६ आणि ०५८ या नंबरांवर बसल्या आहेत. जीटीआरची मालिका मात्र स्वतंत्र, ०१आर पासून; १९९५ ची ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत जिंकली ती हीच ०१आर. म्हणून नंबरांची मालिका उभी लिहून काढा, रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा, आणि कोणती जागा कुणी भरली याचा पुरावा मिळेल तसा भरत जा. रिकामी जागा दिसली की तिथे हरवलेली गाडी कल्पू नका. जुन्या फेरारींची सवय असलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे रोड कारना विषम नंबर मिळत, त्यामुळे पहिला नंबर शेवटच्यातून वजा करणारा माणूस थेट दुप्पट संख्येवर पोचायचा. २५० जीटीओसाठी तर नियमाने १०० गाड्या हव्या होत्या आणि तीन लिटर इंजिनाच्या बनल्या ३६. शर्यतीच्या परवानगीसाठी कारखान्याने दाखवलेले आकडे नेहमी चिमटीत धरून वाचावेत.

नोंदणीच्या वहीसाठी देश ठरवून घ्या. ब्रिटन घेतलं तर स्वान्सीच्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी कचेरीकडची नोंद, आणि तिच्यावर आधारलेले परिवहन खात्याचे तिमाही तक्ते, हे मूळ साहित्य. त्यात कर भरून रस्त्यावर असलेल्या गाड्या आणि ‘सॉर्न’ म्हणजे रस्त्यावर नाही असं कळवून ठेवलेल्या गाड्या वेगळ्या असतात. दोन्ही उतरवा. इतक्या महागड्या गाड्या वर्षानुवर्षं शेडमध्ये उभ्या असतात; नुसता पहिला रकाना पाहिला तर निम्म्या नाहीशा झाल्यासारख्या वाटतील. मॉडेलच्या नावाचं स्पेलिंग ज्या कारकुनाने जसं टाइप केलं तसं राहतं, काहींपुढे मॉडेलच नसतं. तेव्हा एकच नाव शोधून थांबू नका, कंपनीच्या नावाखालच्या सगळ्या ओळी वाचा. जर्सी, गर्न्सी, आयल ऑफ मॅन यांची दप्तरं वेगळी, हेही टिपून ठेवा.

नंबर प्लेटवर मात्र भिस्त ठेवू नका. ब्रिटनमध्ये हौशी नंबर एका गाडीवरून दुसरीवर जातात, आणि फोटोतली प्लेट पुढच्या वर्षी भलत्याच गाडीवर दिसते. आपल्याकडे याची वेगळी तऱ्हा आहे: एनओसी घेऊन गाडी पुण्याहून गोव्याला कायमची नेली की एमएच जाऊन जीए येतो, म्हणजे दोन नंबरांच्या दोन गाड्या मोजल्या जाण्याची सोय झाली. दोन्हीकडे उपाय तोच. प्लेटशेजारी चेसिस नंबर असेल तरच ओळ पक्की, नाहीतर पेन्सिलीत.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या अनेक जीटीआर मालकांनी पुढे रस्त्यायोग्य करून नोंदवून घेतल्या आहेत. म्हणून नोंदणीचा आकडा रोड कारच्या आकड्यापेक्षा मोठा आला तरी दचकू नका, तपासा फक्त. अपघाताच्या बातम्याही अशाच तपासा. अभिनेता रोवन ॲटकिन्सनची एफ१ २०११ मध्ये झाडावर आदळली, दुरुस्तीला सुमारे ९,१०,००० पौंड लागले, आणि ती पुन्हा रस्त्यावर आली. तिला खोडणारे तेव्हा कमी नव्हते.

अमेरिकेचं पान उघडायचं तर ‘शो ऑर डिस्प्ले’ हा नियम वाचून ठेवा. १९९९ पासून लागू झालेल्या या सवलतीत तिथल्या सुरक्षेच्या नियमांत न बसणारी दुर्मीळ गाडी आणता येते, पण वर्षाला २,५०० मैलांची मर्यादा घालून. गाडी ५०० किंवा त्याहून कमी बनली का, ही त्यातली एक कसोटी. २५ वर्षांच्या झालेल्या गाडीला ही वाट धरावी लागत नाही, त्यामुळे एफ१ ची आवक केव्हाची आहे ते पाहूनच ओळ लिहा.

शेवटी रकाने: चेसिस नंबर, प्रकार, बनल्याचं वर्ष, पहिली नोंदणी कुठे, सध्याचा देश, प्लेट, माहिती कुठून मिळाली, आणि कोणत्या तारखेला पाहिली. लिलावाचे कॅटलॉग चेसिस नंबर देतात, म्हणून तिथून सुरुवात सोपी जाते. मालकाचं नाव आणि पत्ता हा रकाना ठेवूच नका. तारखेचा रकाना मात्र कंटाळा आला तरी भरा. तिमाही तक्ते पुढच्या खेपेला बदललेले असतात.