नवी मेमरी, अडलेला प्रोसेसर: शेअर घेण्याआधी या चुका टाळा

2021 मध्ये माझ्या भाच्याने मेमरीशी संबंधित अमेरिकी कंपनीचे शेअर घेतले आणि वर्षभर हिरमुसून बसला. ‘मामा, डीडीआर5 तर आली, मग विक्री का दिसत नाही?’ डीडीआर5 म्हणजे संगणकाच्या मेमरीची (रॅमची) नवी पिढी, डीडीआर4 तिच्या आधीची. मी त्याला इंदूरच्या जेल रोडवर एका ओळखीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने डीडीआर4 आणि डीडीआर5 च्या पट्ट्या शेजारी ठेवल्या. दोन्हींना 288 पिना, पण खाच जराशी सरकलेली. जुन्या मदरबोर्डात नवी पट्टी बसतच नाही.

चूक इथेच होते. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डीडीआर5 चं मानक जुलै 2020 मध्ये जाहीर केलं, पण मेमरी चालवणारा कंट्रोलर असतो प्रोसेसरच्या पोटात. तो प्रोसेसर येईपर्यंत पट्टी कोण घेणार? डेस्कटॉपसाठी इंटेलचा डीडीआर5 चालवणारा अल्डर लेक प्रोसेसर नोव्हेंबर 2021 मध्ये आला, आणि त्याच्यासोबत डीडीआर4 चे बोर्डही मिळत होते.

खरा माल सर्व्हरमध्ये, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या संगणकांत खपतो. इंटेलच्या सॅफायर रॅपिड्स या सर्व्हर प्रोसेसरचं उत्पादन 2022 च्या पहिल्या तिमाहीत सुरू होईल, असं कंपनीने जून 2021 मध्ये सांगितलं. बाजारात तो उतरला 10 जानेवारी 2023 ला! इंटेलची स्पर्धक एएमडी हिचा सर्व्हर प्रोसेसर जेनोआ त्याच्या दोन महिने आधी आला. म्हणून ‘नमुने दिले’, ‘उत्पादन सुरू’ आणि ‘विक्रीला आला’ या तीन गोष्टी एक समजू नका. तिमाही निकाल वाचताना मी या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारतो.

उशिराचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हेही बघा. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन तोवर डीडीआर4 विकत राहतात. रॅम्बससारख्या कंपन्या सर्व्हरच्या पट्टीवरची छोटी चिप बनवतात. सर्व्हर लांबला की नव्या चिपची मागणीही लांबते.

आणि उशीर झाला म्हणून घाबरून विकू नका. आधी विचारा, ही मेमरी किती प्रोसेसर कंपन्यांच्या भरवशावर आहे? डीडीआर5 इंटेल, एएमडी दोघांनाही हवी होती, म्हणून ती उशिरा का होईना, आली. इंटेल आणि मायक्रॉनने मिळून विकसित केलेल्या तंत्रावरच्या ऑप्टेन या वेगळ्या मेमरीच्या पट्ट्या मात्र इंटेलच्याच सर्व्हर प्रोसेसरवर चालायच्या. मायक्रॉन मार्च 2021 मध्ये त्या तंत्रातून बाहेर पडली, आणि जुलै 2022 मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळताना 55.9 कोटी डॉलर तोट्यात दाखवले.

भाच्याने शेअर ठेवले आहेत. आता तो आधी प्रोसेसरची तारीख बघतो, मग मेमरीची.