या चुका टाळा: फोन ठणठणीत, खातं रिकामं

एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन ही रोजची कामं. पण गेल्या तीन-चार वर्षांत आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक असं येतं, ज्याच्या फोनला काहीही झालेलं नसतं आणि खात्यातले पैसे गेलेले असतात. काउंटरवर फोन ठेवून म्हणतात, "बघा हो, काही करता येतंय का." त्या वेळी माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं. चुका मात्र त्याच त्याच. त्या पुन्हा पुन्हा तोंडी सांगून थकलो, म्हणून आता लिहून काढतोय.

लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ऐन लग्नसराईत एका शनिवारी संध्याकाळी त्यांना चुलतभावाच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. दाबली, उघडेना. फोनने विचारलं, या प्रकारची फाईल धोक्याची असू शकते, तरी पुढे जायचं का? गुरुजी हो म्हणाले. मग फोनने सेटिंगमध्ये नेऊन विचारलं, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं अ‍ॅप बसवू द्यायचं का? त्यांनी बटण सरकवलं. शेवटी त्या अ‍ॅपने मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी मागितली. तीही दिली. पत्रिका काही दिसली नाही. थोड्या वेळाने स्क्रीनवरचं चिन्हही गेलं. गुरुजींना वाटलं, फाईलच बिघडलेली असेल. जेवून झोपले.

रात्रीतून तीन वेळा मिळून एक लाख बारा हजार गेले. बँकेकडून येणारा ओटीपी ते अ‍ॅप वाचून पुढे पाठवत होतं.

सकाळी शिल्लक बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण रविवार होता, बँक बंद, म्हणून ते थांबले. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. घरातही बोलले नाहीत, मुलगा रागावेल म्हणून. सोमवारी दहाला माझ्याकडे आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "अरे, भावाच्याच नंबरवरून आली होती रे." भावाच्या फोनमध्ये तेच अ‍ॅप आधी शिरलं होतं आणि त्याच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःहून पत्रिका वाटत सुटलं होतं. नंबर ओळखीचा आहे म्हणून फाईल खरी, हा हिशोब आता सोडून द्या.

फाईलच्या नावाच्या शेवटी ए-पी-के अशी अक्षरं असली की ते अ‍ॅप असतं, कागद नसतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ट्रॅफिकचं चलान, बँकेचं केवायसी, थकलेलं वीजबिल, शेतकऱ्यांच्या योजनेची लाभार्थी यादी, यातलं काहीही ए-पी-के म्हणून येत नाही. ही सगळी सोंगं मी गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये बघितली आहेत.

मला खरा राग येतो तो "परवानगी द्या, द्या, द्या" असं न वाचता दाबत जाणाऱ्या अंगठ्याचा. नवीन फोन घेतलेली तरुण पोरंही हेच करतात. दोन ओळी वाचायला दहा सेकंद लागतात. पत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायचे असतील, एवढा एक प्रश्न मनात आला असता तरी गुरुजींचे पैसे वाचले असते.

असं काही घडलंय असा संशय आला तर मी काय करतो ते सांगतो. पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर टाकतो, वायफायही बंद करतो. सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये घालतो. त्यासाठी एक फोन दुकानात कायम चार्ज करून ठेवलाय. म्हणजे पुढचे ओटीपी त्या चोर अ‍ॅपच्या हाती लागत नाहीत. लगेच १९३० ला फोन, मग बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, रविवारीही चालते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. ते एखाद्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. बाहेर काढले की संपलं.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकातही कळवण्याच्या वेळेला फार महत्त्व आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसरीकडेच कुठे गडबड झाली, असं असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ मी गिऱ्हाइकाला कागदावर लिहून घ्यायला लावतो.

त्यानंतर फोनकडे वळतो. सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी काढायची. होम स्क्रीनवर चिन्ह नसलेलंही तिथे सापडतं. परवानग्यांच्या पानावर जाऊन मेसेज वाचायची मुभा कोणाकोणाला आहे ते बघायचं. अ‍ॅक्सेसिबिलिटीत कोण बसलंय तेही बघायचं; ती मुभा मिळालेलं अ‍ॅप स्क्रीन वाचू शकतं आणि बटणंही दाबू शकतं. काढून टाकायचं बटण दबत नसेल तर त्या अ‍ॅपने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क घेतलेला असतो; तो आधी काढून घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट करायचं. शेवटी फोटो काढून घेऊन पूर्ण फोन रिसेट.

रिसेट शेवटीच. घाबरून आधी रिसेट मारून येणारे खूप आहेत. त्यात ती फाईल, तो मेसेज, ती वेळ, सगळा पुरावाच पुसला जातो आणि पोलिसांपुढे रिकामा फोन घेऊन बसावं लागतं. आधी स्क्रीनशॉट, आधी तक्रार.

फोनला कुलूप, सिम उघडं

ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित चूक. फोनला बोटाचा ठसा, चेहरा, पॅटर्न सगळं लावतात. सिमला कोणीच काही लावत नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाचा फोन वारीत गेला. गर्दीत खिशातून कधी उचलला कळलंही नाही. त्यांचं म्हणणं, "लॉक आहे, काय करणार चोर?" चोराने फोन उघडायचा प्रयत्नच केला नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, व्हॉट्सअ‍ॅप टाकलं, ओटीपी त्याच सिमवर आला, चालू. ग्रुपमधल्या लोकांचे नंबर बघून बहिणीला मेसेज केला, "पाकीट मारलं, पंधरा हजार या नंबरवर टाक, नंतर बोलतो." बहिणीने टाकले. भाऊ वारीला गेलाय हे तिला माहीतच होतं, मग शंका कशी येणार?

शिवाय फोनच्या मागच्या कव्हरमध्ये त्यांचं डेबिट कार्ड होतं. दहातल्या चार-पाच गिऱ्हाइकांच्या कव्हरमध्ये मला कार्ड, आधार नाहीतर चिठ्ठीवर लिहिलेला एटीएम पिन सापडतो. यूपीआयचा नवा पिन बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि त्या सिमवरचा ओटीपी वापरला जातो. म्हणजे घराचं दार आणि किल्ली आपणच एका कव्हरमध्ये बांधून देतो. हे कार्ड आज, हे वाचून झाल्यावर, तिथून काढा.

सिमलॉक लावायला दोन मिनिटं लागतात. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या पानावर सिम लॉक असतं. आधी कंपनीचा ठरलेला पिन द्यावा लागतो, तो कंपनीकडून विचारून घ्या. अंदाजाने मारू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. इथेही घाई नडते. "बघू, शून्य शून्य शून्य शून्य असेल" म्हणत दोन पोरांनी माझ्यासमोर सिम अडकवून घेतलंय. लॉक लागलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिनशिवाय चालत नाही. फोन बंद करून चालू केला की तुम्हालाही पिन टाकावा लागतो. एवढी कटकट मला मान्य आहे.

सोबत व्हॉट्सअ‍ॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशनही लावा, सहा आकड्यांचा पिन. बहिणीचे पंधरा हजार या दोनपैकी एकानेही वाचले असते.

फोन हरवलाच तर आधी सिम बंद करून घ्या, मग पोलिसांत तक्रार देऊन दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक करा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही तिथेच दिसतं. मी वर्षातून दोनदा बघतो. आईच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला होता, तो तिथूनच कळवून बंद करून घेतला.

झेरॉक्सच्या दुकानात आधार

प्रिंट काढायला आधारची फाईल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची आणि प्रिंट घेऊन निघून जायचं, हे सगळेच करतात. एकदा ओळखीच्या झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर आधार (१), आधार (२) करत थेट आधार (१४७) पर्यंत फाईली. पॅन, पासबुकं, पोरींचे पासपोर्ट फोटो वेगळे. माणूस सरळ आहे, त्याच्या डोक्यात वाईट काही नाही. पण त्या कॉम्प्युटरला पासवर्डही नव्हता.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, असं लोक सांगतात. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं साल, एवढाच असतो. ओळखीच्या माणसाला तो काढायला कितीसा वेळ लागतो?

मी मास्क्ड आधार वापरतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हॉटेलात, खोली भाड्याने घेताना तेच देतो. छापील प्रतीवर तारीख आणि कोणत्या कामासाठी दिली ते आडवं लिहितो. दुकानात फाईल टाकावीच लागली तर प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून पुसायला लावतो, रिसायकल बिनमधूनसुद्धा. दुकानदाराला त्याचा राग येत नाही. आणि बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, डोळे) आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अ‍ॅपमधून लॉक करून ठेवलेत, लागतील तेव्हा थोड्या वेळापुरते उघडतो.

बाकीच्या चुका

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कोणी "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतो तोच घ्या. फोनवरचा माणूस तुमचा स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगत असेल तर तो कोणीही असो, बंद करा.

स्टार चारशे एक स्टार आणि पुढे नंबर दाबायला लावून तुमचे कॉल वळवून घ्यायची एक युक्ती होती. त्यापायी दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. तरी संशय असेल तर *#२१# दाबून बघा, ##००२# दाबून सगळं वळवणं रद्द करा.

पोलीस, सीबीआय, न्यायाधीश, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही.

फोन साफ करणारी, वेग वाढवणारी, बॅटरी वाचवणारी अ‍ॅप्स काढून टाका. "एखादं अ‍ॅप टाकून द्या, सगळं सेफ होईल असं" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. असं अ‍ॅप नाही.

स्टँडवरच्या चार्जिंग पॉइंटला लोक फार घाबरतात. माझ्या दुकानात त्यामुळे पैसे गेलेलं एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. पत्रिकेने गेलेली पुष्कळ आली. भीतीचं वजन तरी योग्य ठिकाणी ठेवा.

अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर अडकवले, तेव्हा विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती न टाकणारे इतके होते की जूनमध्ये तेच भोक वापरणारा नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस पसरला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. दुकानाचे हिशोब अजून त्यावर असतील तर आता हलवा.

पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर, मुलाचं नाव, गाडीचा नंबर नको. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडून लांबलचक करा आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. बाकी सगळ्याचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

जुना फोन विकताना आधी गुगल खातं काढा, मग रिसेट. खातं न काढता विकलेला फोन पुढच्याला उघडत नाही आणि तो रागाने परत माझ्याकडेच येतो.

गुरुजींच्या तक्रारीत अडतीस हजार रुपये एका खात्यात अडवलेले सापडले. ते परत मिळायला कोर्टाच्या आदेशासह सात महिने लागले. बाकीचे गेले. आता त्यांच्या घरात रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात एक कागद आहे, मीच लिहून दिलेला: १९३०, दोन्ही बँकांचे नंबर, सिमचा पीयूके, *#०६# दाबून काढलेले दोन्ही आयएमईआय. फोन गेला की फोनमधले नंबरही जातात, म्हणून कागदावर. तसाच एक माझ्या गल्ल्यात आहे.