गाईच्या ढेकरातला मिथेन कमी करायचाय? आधी नीट मिसळायला शिका

गाईचा मिथेन म्हटलं की लोक तिच्या शेपटीकडे बघतात. निघतो तो बहुतेक तोंडातून. कोठीपोटातले आर्किया नावाचे सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवतात, गाय तो ढेकर देऊन सोडते. खाल्लेल्या ऊर्जेतला २ ते १२ टक्के भाग असा हवेत जातो.

मिथेन घटवणारं खाद्यपूरक निवडणं सोपं आहे. भरपूर तपासलं गेलंय ते थ्री-एनओपी (३-नायट्रोऑक्सिप्रोपेनॉल हे रसायन). युरोपीय संघाने ते २०२२ मध्ये मान्य केलं, दुभत्या गाईंत साधारण ३० टक्के घट मिळते. अ‍ॅस्परागॉप्सिस या लाल समुद्री शेवाळाने काही चाचण्यांत ८० टक्क्यांपर्यंत घट दाखवली, पण काम करतो तो त्यातला ब्रोमोफॉर्म हा घटक. किनाऱ्यावरचं कुठलंही शेवाळ वाळवून घालू नका. तेलानेही मिथेन घटतो, मात्र आहारातले एकूण स्निग्ध पदार्थ शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या वजनाच्या) ६ टक्क्यांपुढे नेले की चारा पचवणारे जिवाणूच मार खातात. नायट्रेटच्या वाटेला स्वतःच्या हिमतीवर जाऊ नका. पोटात त्याचं नायट्राइट होतं, मात्रा चुकली की रक्त चॉकलेटी पडतं आणि जनावर बघता बघता हातचं जातं.

पुढचं सगळं थ्री-एनओपी धरून. मात्रा पाकिटावर असते, पशुवैद्यकाला दाखवून घ्या. ती शुष्क पदार्थावर काढायची. ३० किलो मुरघास म्हणजे शुष्क पदार्थ जेमतेम १० किलो, हे विसरून ओल्या वजनावर हिशेब मांडणारे अजूनही भेटतात.

आता खरी अडचण. पूरक 'आंबोणावर भुरभुरा' असं सांगणाऱ्याने ते कधी घातलेलं नसतं. गाय दिवसाला १५ किलो शुष्क पदार्थ खात असेल आणि मात्रा किलोला ६० मिलिग्रॅम असेल, तर पूर्ण दिवसाचा सक्रिय घटक ९०० मिलिग्रॅम. भुकटीत तो १० टक्के असला तर ९ ग्रॅम भुकटी. एवढीशी भुकटी चाऱ्याच्या ढिगात कुठे गेली हे डोळ्यांना कळतही नाही. मी पहिले काही आठवडे सगळी मात्रा सकाळच्या आंबोणात टाकून मोकळा व्हायचो. या रसायनाचा प्रभाव काही तासच टिकतो. दुपारपासून आर्किया पुन्हा कामाला, आणि मी आपला खूश!

म्हणून ते दिवसभराच्या प्रत्येक घासात गेलं पाहिजे. दहा गाईंची ९० ग्रॅम भुकटी आधी किलोभर भरड्यात कालवा, तो भरडा आणखी दहा किलोंत, आणि मगच सगळ्या चाऱ्यात. पायरी गाळली की गुठळी एका गाईच्या वाट्याला येते, बाकीच्या कोरड्या राहतात. कुट्टी खडखडीत कोरडी असेल तर भुकटी चाळल्यासारखी तळाशी बसते. मी एकदा गव्हाण झाडली तर पांढरट थर खाली तसाच. तेव्हापासून पाणी किंवा थोडी मळी शिंपडून चारा दमट केल्याशिवाय भुकटीला हात लावत नाही. आणि हात लावताना मोजे, तोंडाला मास्क. भुकटी डोळ्यांना आणि त्वचेला त्रास देते, उडालेली धूळ छातीत जाऊ देऊ नये.

फक्त चरणाऱ्या जनावरांना हे जमवणं अवघड आहे, उगाच पैसे घालू नका. चारा जितका जास्त रेषेदार, तितका परिणामही कमी.

पहिल्या आठवड्यात उरलेला चारा रोज तोला. खाणं घटलं तर मात्रा आणि मिश्रण दोन्ही तपासा. दूध वाढेल या आशेने बसू नका, तसा भरवसा देता येत नाही. ढेकरं मोजूनही काही कळत नाही, कारण मिथेन अडला की काही हायड्रोजन ढेकरातूनच बाहेर पडतो. खरा आकडा श्वसन-कक्षात किंवा ढेकराची हवा मोजणाऱ्या यंत्रावरच मिळतो. ते जवळ नसेल तर रोजची गव्हाण बघा: तळाशी भुकटी दिसली तर उद्या चारा जरा जास्त दमट करा.