सागवानी वाड्याला आगीपासून जपताना

शनिवारवाडा १८२८ साली जळला, बुधवारवाडा १८७९ साली. पुण्याच्या पेठांमधले आजचे नांदते वाडेही त्याच घडणीचे आहेत: सागवानी खांब, तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या ठोकलेलं छत. जाड तुळई मात्र सहजी पेटत नाही. पेटली तरी मिनिटाला जेमतेम अर्धा मिलिमीटर जळते आणि वर धरलेला कोळसा आतलं लाकूड काही काळ राखतो. भडकतं ते बारीकसारीक: माळ्यावरची रद्दी, जळमटं, पातळ फळ्या. पैसा आणि श्रम आधी तिथे घाला.

पहिलं काम वायरिंगचं. लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. ती पूर्ण काढा. जुनीला नवी जोडली की जोड तापतो. दिवे-पंख्यांना तांब्याची १.५ चौरस मिमी वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गीझरला स्वतंत्र ४ चौरस मिमीची. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं सर्वांत घातक: मग एमसीबी पडत नाही आणि वायर भिंतीत तापत राहते. माळ्यावर वायर लोखंडी पाइपातून न्या, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत. पाइपाला अर्थिंग हवंच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच, पण ढिल्या स्क्रूपाशी उडणारी ठिणगी त्याला कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा वायरमनकडून सगळे स्क्रू आवळून घ्या.

दिवाळीच्या आधी माळा रिकामा करून झाडा. झरोक्यांना आणि कौलांखालच्या फटींना ३ मिमीची धातूची जाळी ठोका. रॉकेट किंवा ठिणगी तिथूनच आत शिरते.

देवघरात धोका उंदराचा. तुपातली पेटती वात तो ओढून नेतो, थेट फळ्यांच्या फटीत. समई-निरांजन पितळी ताटात ठेवा, वर काचेची चिमणी घाला आणि झोपण्यापूर्वी दिवा शांत करा.

लाकडाला बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, लावल्यावर फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. फडकी घराबाहेर दगडावर एकेक पसरून वाळवा.

आगीत फुगून लाकडावर थर धरणारा पारदर्शक लेप मिळतो. जिना आणि कडीपाटाची खालची बाजू आधी घ्या. जुना ऑइलपेंट खरवडल्याशिवाय तो धरत नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा पातळ लावला तर पैसे वाया.

प्रत्येक मजल्यावर जिन्याशी ६ किलोचं एबीसी पावडरचं (लाकूड, तेल, गॅस अशा आगींवर चालणारं) अग्निशामक टांगा, छताला धुराचा अलार्म लावा. पिन काढून दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारा. पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. ज्वाळा विझली तरी लाकडात निखारा धुमसतो, म्हणून मेन स्विच बंद करा, मग निखाऱ्यावर पाणी ओता आणि काही तास राखण करा. ज्वाळा कडीपाटाला भिडली असेल तर विझवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ फिरवा. बोळात आणि दिंडी दरवाजात दुचाक्या लावू देऊ नका, बंबाचा पाइप तिथूनच आत यायचा असतो.