एसएसडी बदलल्यावर लॅपटॉप सुरू होत नाही? आधी बायोस बघा

वाशीहून किंवा ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातून नवी एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान डिस्क) आणली, बसवली, आणि स्क्रीनवर नुसतं ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे सुरू करता येईल अशी डिस्क सापडली नाही. लगेच विंडोज टाकायला घेऊ नका. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंग मेनू) उघडा, बऱ्याच लॅपटॉपवर एफ२ दाबून उघडतं, आणि ड्राइव्हचं नाव दिसतंय का ते बघा.

नावच नसेल तर गडबड हार्डवेअरची. चार्जर आणि आतली बॅटरीची केबल काढा. एसएसडीचं कार्ड तिरकं धरून स्लॉटमध्ये पूर्ण आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. तरीही दिसत नाही? कार्डाच्या खाचा मोजा. दोन खाचांचं एम.२ कार्ड (पातळ पट्टीसारखी एसएसडी) बहुधा साटाचं, म्हणजे जुन्या, हळू जोडणीचं; एका खाचेचं सहसा एनव्हीएमई, म्हणजे नव्या, वेगवान जोडणीचं. काही स्लॉट यातला एकच प्रकार चालवतात; दुसरं कार्ड व्यवस्थित बसतं, पण ओळखलंच जात नाही. म्हणून खरेदी करताना दुकानदाराला लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर सांगाच.

नाव दिसत असेल तर क्लोनवर, म्हणजे जुन्या डिस्कवरून नवीवर केलेल्या कॉपीवर, संशय घ्या. नुसता सी ड्राइव्ह कॉपी करून भागत नाही, छोटं ईएफआय पार्टिशनही (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा वेगळा भाग) यावं लागतं. बायोसमधला बूट मोडही डिस्कच्या मांडणीशी जुळायला हवा: जुन्या एमबीआर मांडणीच्या डिस्कला लेगसी मोड, नव्या जीपीटी मांडणीला यूईएफआय. हे जुळेपर्यंत जुनी डिस्क अजिबात पुसू नका.